'पेणचे पापड' अशी पाटी लावायच्या आधी: आपल्या भागातले पदार्थ विकण्याचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'आपल्या भागाचे पदार्थ दुकानात कसे ठेवायचे' हा विषय घेतला. वेळ कमी पडला, म्हणून पदार्थांची यादी, हिशेब आणि लेबलचे मुद्दे इथे सविस्तर देते. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात माझ्याच चुकीने करते. बीबीए करताना ब्रँडिंगवर चांगले मार्क मिळवले होते, पण ब्रँडिंगचा खरा पेपर मला दुकानाच्या गल्ल्यावरच द्यावा लागला.

माझी चूक

आमचं दुकान खांबला, मुंबई-गोवा हायवेवर. एका बाजूला नागोठणे, दुसऱ्या बाजूला कोलाड. रस्ता अरुंद होता तेव्हा गाड्या सावकाश जायच्या, पाटी वाचायच्या, थांबायच्या. रुंदीकरणानंतर गाड्या सुसाट जायला लागल्या. बिस्किटं आणि पाण्याची बाटली तर कुठेही मिळते, त्यासाठी आमच्याकडे कोण थांबणार? मग मी मोठी पाटी केली: 'पेणचे पोह्याचे पापड, अलिबागचा पांढरा कांदा, कोकम, सुकी मासळी.' गाड्या थांबायला लागल्या. मी खूश.

पापड मी एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेत होते. स्वस्त पडायचे. ते कुठे बनतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. 'पोह्याचे पापड' म्हणजे पेणचेच, असं मीच धरून चालले होते.

एक काकू दोन पाकिटं घेऊन गेल्या आणि पंधरा दिवसांनी परतीच्या प्रवासात पुन्हा उतरल्या. एक पाकीट फोडलेलं, एक तसंच. मला म्हणाल्या, "पोरी, माझं माहेर पेणचं. हे पापड कुठल्या बाईने लाटलेत, सांगशील?"

मला सांगता आलं नाही. त्यांच्यासमोरच व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, खपतायत ना? मग कुठून येतात त्याचं काय करायचंय?" स्पीकर चालू होता. काकूंनी ऐकलं. मी पैसे परत केले, त्यांनी ते घेतलेही. जाताना एवढंच म्हणाल्या, "बाकीच्या पाटीतलं खरं काय आहे मग?"

तो प्रश्न मला जास्त लागला. कारण पांढरा कांदासुद्धा मी बाजारातून पांढरा दिसला म्हणून आणला होता. त्या रात्री आम्ही पाटी उतरवली. महिनाभर हायवेवरचं गिऱ्हाईक जवळजवळ बंद झालं. घरी बोलणीही खाल्ली.

आजचा धडा एका वाक्यात सांगते. गावाचं नाव हा तुमच्या दुकानातला सगळ्यात महाग माल आहे, आणि तो तुमच्या एकट्याच्या मालकीचा नाही. पेणच्या ज्या बाया उन्हात बसून पापड लाटतात, त्यांनी ते नाव कमावलंय. आपण ते खोट्या मालावर चिकटवलं, तर नुकसान आधी त्यांचं होतं, मग आपलं.

नाव हातचं जातं कसं: फ्रान्समधलं उदाहरण

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी नावाचा प्रदेश आहे. गाईगुरं, सफरचंदाच्या बागा आणि समुद्र. तिथलं कॅमेम्बर्ट नावाचं चीज जगभर गेलं. इतकं गेलं, की बाहेरचे लोकही त्याच नावाने चीज बनवायला लागले. १९२६ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं, की हे नाव आता सर्वसामान्य झालंय, ते एका प्रदेशापुरतं राहिलेलं नाही. पुढे १९८३ मध्ये संरक्षण मिळालं, पण ते 'नॉर्मंडीचं कॅमेम्बर्ट' एवढ्या पूर्ण नावाला. नुसतं 'कॅमेम्बर्ट' हे नाव हातचं गेलं ते गेलंच.

त्याच देशात पश्चिम किनाऱ्यावर गेरांद नावाचं गाव आहे. तिथे मिठागरं आहेत, आपल्या पेण-उरणकडे आहेत तशीच. समुद्राचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, हाताने मीठ ओढायचं. गेरांदचे लोक पाण्यावर तरंगणारी पातळ, नाजूक साय वेगळी काढतात आणि 'मिठाचं फूल' म्हणून जास्त भावाने विकतात. खालचं जाड मीठ वेगळं विकतात. वाफा एकच, माल दोन, भाव दोन. २०१२ मध्ये या मिठाला युरोपचं भौगोलिक संरक्षणही मिळालं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. नाव वेळेवर जपलं नाही तर ते सगळ्यांचं होतं. आणि जपलं तर मिठासारख्या स्वस्त वस्तूलाही भाव येतो.

आपल्याकडे यासाठी १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे, तो २००३ पासून लागू झाला. पहिलं मानांकन दार्जिलिंगच्या चहाला मिळालं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये मिळालं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही आहे. हापूसला २०१८ मध्ये मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. म्हणजे आपल्या रायगडच्या बागेतला हापूस हा हापूसच आहे. त्यावर 'देवगड' लिहायची काही गरज नाही. 'रायगडचा हापूस' लिहा आणि ताठ मानेने विका.

आपली यादी: काय, कधी आणि काय विचारून घ्यायचं

व्हिडिओत मी तीन प्रश्न सांगितले होते: कुठलं? कुणाचं? कधीचं? प्रत्येक वस्तूला हे तीन प्रश्न लावायचे. उत्तर मिळालं नाही, तर त्या वस्तूवर गावाचं नाव लावायचं नाही.

*१. पोह्याचे पापड आणि मिरगुंड.* आपला जिल्हा भाताचा. भात भिजवून, भाजून, कुटून पोहे होतात. पोहे दळून त्यात मीठ, पापडखार, हिंग, मिरची घालून पीठ मळतात, कुटतात आणि लाटतात. मिरगुंडही याच कुटुंबातलं. हे काम उन्हाळ्यातलं, कारण वाळवायला कडक ऊन लागतं. म्हणजे दुकानदाराने मे महिन्यातच पुढच्या कित्येक महिन्यांचा माल उचलावा लागतो. ऑर्डर जानेवारीत द्या आणि थोडी रक्कम आगाऊ द्या. पोहे, हिंग, मिरची त्या बायांना रोखीने आणावी लागते. आपण तीन महिन्यांच्या उधारीवर माल मागितला, तर त्या व्यापाऱ्याकडेच जाणार. त्यांना दोष देता येत नाही.

*२. कडवे वाल.* भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते, त्या ओलीवर वाल होतात. रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, की बिरड्याची तयारी झाली. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाईकाला चव हवी असते, पण सोलायला वेळ नसतो. म्हणून वाल दोन प्रकारे ठेवा: सुके वाल किलोवर, आणि सोललेलं बिरडं सकाळी ताजं, फ्रीजमध्ये, मोजकं. गेरांदचं मीठ आठवा. माल एकच, भाव दोन. सोललेल्या बिरड्याची मजुरी सोलणाऱ्या बाईला सुटी मोजून द्या, तुमच्या नफ्यात मिसळू नका.

*३. अलिबागचा पांढरा कांदा.* कार्ले, खंडाळे, नेहुली या भागात भातानंतर हा कांदा लावतात. चव सौम्य, थोडी गोडसर, कच्चा खायला छान. कांद्याच्या पातीच्या वेण्या विणून विकतात. वेणी टांगायची, हवा लागली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला की सडतो. इथे मानांकन आहे, म्हणून पुरवठादाराला स्पष्ट विचारा: तुम्ही किंवा तुमचा शेतकरी या मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे का? कागदाची प्रत घ्या. नसेल तर पाटीवर फक्त 'पांढरा कांदा' लिहा.

*४. कोकम.* इथे दुकानदारच गोंधळतात. आमसूल म्हणजे कोकमाची सालं रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली, ती आमटीत जातात. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीला लागतो. अमृत कोकम म्हणजे साखरेतलं, सरबताला. माझ्याकडे एका ताईंनी आगळाची बाटली सरबत समजून नेली होती आणि पाहुण्यांना खारट पाणी पाजलं! तेव्हापासून तिन्हींवर मोठ्या अक्षरात लिहिते: 'आमटीसाठी', 'सोलकढीसाठी', 'सरबतासाठी'. फळं उन्हाळ्याच्या शेवटी येतात आणि पाऊस लागायच्या आत सालं वाळवावी लागतात. वर्षाचा माल तेव्हाच ठरतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन आहे. आपल्या इथल्या झाडांचं कोकम असेल तर गाव आपलंच लिहा. तयार सोलकढी विकत असाल तर त्यात नारळाचं दूध आहे हे विसरू नका. सकाळी केलेली त्याच दिवशी संपली पाहिजे, तीही थंडच ठेवून. फेणी आणि माडी ही परवान्याची पेयं. कितीही मागणी आली तरी किराणा दुकानात ठेवायची नाहीत.

*५. सुकी मासळी.* आपल्याकडे 'आगोटीची तयारी' म्हणतात ना, तो आपला सगळ्यात मोठा सीझन. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणून मे महिन्यात घरोघरी सोडे, जवळा, बोंबील भरून ठेवतात. तुमचा स्टॉक एप्रिलपासूनच तयार हवा. सोडे महाग असतात, ओले राहिले तर वजन वाढतं आणि लवकर खराब होतात. घेताना मुठीत दाबून बघा, कडक वाजले पाहिजेत. मासळीचं कपाट वेगळं, तराजू वेगळा. पापडाला मासळीचा वास लागला तर शाकाहारी गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही.

*६. पोपटी.* ही पाकिटात भरता येत नाही, पण विकता येते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, मग शेंगा, बटाटे, ओवा, जाडं मीठ, हवं तर केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी किंवा अंडी. वरून पुन्हा पाला, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला येणारी मंडळी थंडीतही येतात. त्यांना संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न असतो. तुमच्याकडे अंगण असेल तर आगाऊ बुकिंग घेऊन पोपटी लावा. दुकानात सुटे 'पोपटीचं सामान' ठेवा: शेंगा, ओवा, मीठ, भांबुर्ड्याची जुडी. फक्त एक काळजी घ्या. बारा महिने पोपटी मिळेल अशी पाटी लावू नका. तिची मजा शेंगांच्या दिवसांतच आहे.

हिशेब: खरा माल परवडतो का?

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. "मॅडम, पेणचे महाग पडतात, गिऱ्हाईक घेत नाही." चला, मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा एका पाकिटाला:

- व्यापाऱ्याचा माल: खरेदी ₹४८, पिशवी-लेबल ₹६, तुटफूट ₹२, भाडं-वीज-मजुरीचा वाटा ₹९. एकूण ₹६५. विक्री ₹८५. हातात ₹२०.
- पेणच्या गटाचा माल: खरेदी ₹७०, पिशवी-लेबल ₹६, तुटफूट ₹३, भाडं-वीज-मजुरीचा वाटा ₹९. एकूण ₹८८. विक्री ₹११०. हातात ₹२२.

पाकिटामागे दोन रुपये जास्तच. पण यात दोन गोष्टी लपल्यात, त्या प्रामाणिकपणे बघा. एक म्हणजे दुसऱ्या मालात पैसा जास्त अडकतो. शंभर पाकिटांमागे खरेदीतच ₹२,२०० जादा, आणि ते मे महिन्यात एकदम द्यावे लागतात. म्हणून सगळा पैसा एकाच वस्तूत घालू नका. दुसरी म्हणजे ₹११० ऐकून काही गिऱ्हाईकं खरंच मागे फिरतात. त्यांच्यासाठी मी साधा माल आजही ठेवते. त्यावर लिहिलंय 'साधे पोह्याचे पापड'. गावाचं नाव नाही. भाव कमी. दोन्ही शेजारी ठेवते आणि विचारलं तर फरक सांगते. स्वस्त माल विकणं पाप नाही. स्वस्त मालाला महाग नाव लावणं चूक आहे.

लेबलवर काय हवं

पाकीटबंद खाद्यपदार्थ विकताना लेबल तपासल्याशिवाय माल कपाटात लावू नका:

- पदार्थाचं नाव आणि घटक
- निव्वळ वजन, किंमत सर्व करांसहित, आणि प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव
- बनवल्याची तारीख, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचा
- बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क
- शाकाहारी-मांसाहारी चिन्ह
- अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक

घरी पापड करणाऱ्या ताईंनाही नोंदणी लागते. 'आम्ही तर घरगुती' हे कारण चालत नाही. लहान उत्पादकांसाठी सोपी नोंदणी आहे आणि ती ऑनलाइन होते. आमच्या गटातल्या ताईंचा फॉर्म मी माझ्याच लॅपटॉपवर भरून दिला. त्यात माझाही फायदा होता, कारण त्यांचा क्रमांक आला तेव्हाच मला तो माल उघडपणे विकता आला.

आणि लक्षात ठेवा, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे दिशाभूल करणारं लेबल हा गुन्हा आहे. मानांकन असलेलं नाव खोट्या मालावर वापरलं तर त्या कायद्यातही शिक्षा आहे. "मला माहीत नव्हतं, व्यापाऱ्याने दिलं" हे मी काकूंना सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नाही, अधिकाऱ्यालाही पटणार नाही.

आज दुकानात काय बदललंय

पेणला जाऊन बायांना भेटायला मला तीन फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत कुणी नीट बोललंच नाही. "तुम्ही पण भाव पाडूनच मागणार," एक वहिनी तोंडावर म्हणाल्या. त्यांचा अनुभव तसाच होता. तिसऱ्या फेरीत मी आगाऊ रक्कम घेऊन गेले, तेव्हा बोलणं पुढे सरकलं.

आता पाटी पूर्वीपेक्षा छोटी आहे. कांद्याच्या वेण्या असतील त्याच दिवसांत कांद्याची पाटी बाहेर येते. बाकीच्या वेळी आत असते. पापडाच्या पाकिटावर गाव, गट आणि महिना लिहिलेला असतो. विक्री लगेच दुप्पट-तिप्पट झाली, असं मी सांगणार नाही. पहिलं वर्ष कठीण गेलं. पण आता मला दुकानात एक वाक्य वारंवार ऐकू येतं: "मागच्या वेळचेच पापड द्या." हायवेवरच्या दुकानात 'मागच्या वेळचे' म्हणणारं गिऱ्हाईक मिळणं किती अवघड असतं, हे हायवेवर बसणाऱ्यालाच कळेल.

त्या काकू पुन्हा आलेल्या नाहीत. आल्या तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे. पापड कुठल्या बाईने लाटले, ते मला नावानिशी माहीत आहे.

गृहपाठ

१. तुमच्या दुकानातल्या अशा पाच वस्तू लिहा, ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या पाटीवर गावाचं नाव आहे.
२. प्रत्येकीपुढे तीन रकाने करा: कुठलं, कुणाचं, कधीचं. फोन करून भरा.
३. जो रकाना रिकामा राहील, त्या वस्तूवरचं गावाचं नाव आजच काढा. वस्तू राहू द्या, नाव काढा.
४. एका वस्तूचा वरच्यासारखा हिशेब मांडा, तुटफूट आणि भाड्याच्या वाट्यासकट.
५. पुढच्या आगोटीसाठी कुठला माल, किती आणि कुणाला आगाऊ किती रक्कम, हे एका पानावर लिहा.

पुढच्या धड्यात हीच आगाऊ रक्कम उभी कशी करायची ते बघू. वही जपून ठेवा, हेच पान लागणार आहे.